तहानेच्या आधीची विहीर

पुण्याच्या दक्षिण हद्दीवर, जिथे शहर संपून डोंगर सुरू होतो असे पूर्वी म्हणता येत असे, तिथे आम्ही राहतो. आमच्या गृहरचना संस्थेचे जुने दप्तर लावण्याचे काम गेल्या वर्षी आमच्याकडे आले. मराठीचे प्राध्यापक म्हटले की कागद वाचण्याचे काम आपसूक गळ्यात पडते. त्या दप्तरात एक हमीपत्र सापडले. बांधकामाची परवानगी मिळवण्यासाठी विकसकाने ते लिहून दिलेले होते. त्याचा आशय असा : या इमारतींना सार्वजनिक योजनेतून पाणी देणे तूर्त शक्य नाही, याची आम्हांस जाणीव आहे; ते मिळेपर्यंत पाण्याची तजवीज विकसक व त्याच्यानंतर सदनिकाधारक स्वखर्चाने करतील; याबाबत कोणतीही तक्रार करणार नाहीत. पाणी मिळणार होते ते ‘यथावकाश’.

या शब्दाचा अर्थ वर्गात सांगताना आम्हांला कधी अडचण आली नव्हती. सकाळी साडेसहाला टँकरचा भोंगा वाजतो तेव्हा मात्र अडचण येते. आम्ही सदनिका घेतली तेव्हा तिच्या किमतीत विकास शुल्क अंतर्भूत होते. मिळकतकर आम्ही दरसाल भरतो. टँकरचे पैसे संस्थेच्या मासिक वर्गणीतून जातात. एकाच पाण्यासाठी तीन दारांनी पैसे गेले आणि पाणी चौथ्याच दाराने, रबरी नळीतून आले. या तक्रारीत नवे काही नाही. पुणे-मुंबईच्या कडेला राहणाऱ्या लाखो कुटुंबांची ती आहे. आम्हांला कुतूहल वाटले ते वेगळ्या गोष्टीचे. शहर वाढते तेव्हा नव्या वस्तीचे पाणी आणि तिचे सांडपाणी यांचा पहिला पैसा कोणी द्यायचा, हा प्रश्न आपल्याकडे कधी, कोणी, कसा सोडवला होता?

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपली म्हण बजावते. तहान लागण्यापूर्वी खणलेल्या विहिरीचा खर्च कोणाच्या नावे मांडायचा, याबाबत ती गप्प आहे. ज्याला पाणी लागणार आहे तो अजून तिथे राहायला आलेला नसतो. जो आधीपासून राहतो त्याच्या घरी पाणी आहे, त्याने दुसऱ्याच्या नळासाठी पट्टी का द्यावी? नगरांच्या वाढीतला हा मूळ पेच आहे.

पेशवाईतल्या पुण्याने या पेचाला बगल दिली, कारण तिथे खजिना आणि राज्यकर्ता एकच होते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून दगडी नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणले. वाटेत गाळ बसायला जागा, हवा सुटायला उच्छ्वास आणि शहरात हौद अशी ती रचना होती. पेठा वसवण्याची रीतही ठरलेली होती : शेटे-महाजनांना कौल द्यायचा, वसाहत करणाऱ्यांना काही वर्षे करांची सूट द्यायची. म्हणजे नव्या रहिवाशाकडून आरंभी काही घ्यायचे नाही, उलट त्यालाच सवलत द्यायची. पेठ नांदती झाली की जकातीतून वसुली आपोआप होई. पुढे नाना फडणविसांनी आंबेगावहून आणि रास्त्यांनी कोंढव्याहून आपापले नळ आणले. पाणी हा सत्तेचा आणि पुण्याचा विषय होता. ‘पुण्य’ हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी घ्यावा. हौदावर कोणी यावे आणि कोणी येऊ नये हे मात्र जात ठरवत होती. त्या व्यवस्थेबद्दल हळवे होण्याचे कारण नाही.

मुंबईतही आरंभी धर्मदायाचेच पाणी होते. कावसजी पटेल यांचा तलाव, धोबीतलावाशी जोडलेले फ्रामजी कावसजी यांचे नाव, ही दानशूरांची शहरभर विखुरलेली स्मारके. माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे विहारचे पाणी शहरात येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. आद्य नगरवर्णन म्हणून आम्ही ते वर्षानुवर्षे शिकवत आलो. त्यातल्या नगरात पाण्याचे बिल कोणाच्या नावे फाटत होते, हे विचारायचे कधी सुचले नाही.

दानाला एक मर्यादा असते : दाता तलाव बांधतो, जाळे बांधत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईची लोकसंख्या तळ्या-विहिरींच्या आवाक्याबाहेर गेली. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार १८५६ साली विहार येथे धरणाचे काम सुरू झाले आणि १८६० साली पाणी आले. काम सरकारने केले. त्याचा बोजा नगराच्या डोक्यावर कर्ज म्हणून ठेवला गेला. इथे एक मोठा बदल झाला. आता पाणी दानातून नव्हे, तर अजून न मिळालेल्या उत्पन्नातून येणार होते. पुढच्या पिढीने भरायच्या पट्टीवर आजची पिढी नळ टाकणार होती.

१८६५ साली मुंबईला पहिला म्युनिसिपल कमिशनर मिळाला, आर्थर क्रॉफर्ड. कामाचा झपाटा दांडगा आणि हिशेबाचा हात सैल, असा हा गृहस्थ. रस्ते, बाजार, गटारे यांवर त्याने इतका खर्च केला की १८७१ साली घरमालक आणि करदाते खवळून उठले आणि त्याला जावे लागले. तरुण फिरोजशहा मेहतांनी त्या गदारोळात त्याची बाजू घेतली होती. दोष माणसाचा नसून निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या अभावाचा आहे, असा त्यांचा रोख. १८७२च्या कायद्याने करदात्यांना प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला. मुंबईच्या नागरी स्वराज्याचे मूळ आपण उदात्त तत्त्वांत शोधतो. त्यात पाणी-गटारांच्या बिलाचा वाटाही बराच होता, असे आमचे मत आहे. आणि त्याचा एक परिणाम असा की ज्यांच्या हाती मत आले ते घरवाले होते. त्यांना कर कमी हवा होता. ज्यांच्या वस्तीत गटार नव्हते त्यांना मतच नव्हते.

पाणी आणि गटार यांतला फरक इथेच ठळक होतो. पाण्यासाठी माणूस पैसे मोजतो, कारण ते त्याच्या घरात येते. मैला घरातून जातो. कुठे जातो याच्याशी त्याला कर्तव्य नसते. विहारचे, पुढे १८७९ला तुळशीचे आणि १८९२ला तानसाचे पाणी शहरात आले, पण ते वाहून नेणारी गटारे कायम मागे राहिली. १८८८च्या मुंबई महापालिका कायद्यात पाणीकराच्या शेजारी ‘हलालखोर कर’ नावाचा कर होता. मैला डोक्यावरून वाहणाऱ्या माणसांच्या कामाची ती किंमत. जुन्या चाळींच्या मागे ‘हाऊसगल्ली’ नावाची अरुंद बोळ असे, अजूनही काही ठिकाणी आहे. ती वास्तुशास्त्रातली चूक नव्हती. भुयारी गटार टाकण्यापेक्षा एका जातीच्या माणसांना मागच्या दाराने आणणे स्वस्त होते, म्हणून ती बोळ होती. गटाराचा खर्च टाळला की तो नाहीसा होत नाही, कोणाच्या तरी डोक्यावर जातो. इथे तो अक्षरशः गेला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि दोन वर्षांत, १८९८ साली, ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, हमरस्ते काढले, गोरगरिबांना बेघर केले. हे सारे खरे, आणि त्याबद्दल पुष्कळ लिहिलेही गेले आहे. त्याच्या दुसऱ्या कामाकडे मात्र फारसे कोणी बघत नाही. दादर, माटुंगा, शीव या भागांत तेव्हा शेते आणि वाड्या होत्या. ट्रस्टने तिथली जमीन संपादन केली, आधी रस्ते आखले, गटारे आणि नळ टाकले, आणि मग भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. आजची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स ही त्यातूनच आली. आधी गटार, मग घर. हा क्रम आपल्याला आज परदेशी वाटतो. तो दादरला होऊन गेला आहे.

पैसा कुठून आला? सरकारच्या आणि पालिकेच्या मोकळ्या जमिनी ट्रस्टकडे सोपवल्या होत्या, पालिकेच्या उत्पन्नातून दरसाल अंशदान मिळे आणि बाकी कर्जरोखे. ही रचना कागदावर सुबक होती : कर्जाने गटार टाका, गटारामुळे जमिनीचे भाडे वाढेल, भाड्यातून कर्ज फिटेल. व्यवहारात भूखंड वर्षानुवर्षे रिकामे राहिले. मोठ्या प्रमाणावर घरे उठली ती १९२०च्या दशकानंतर. तोवर व्याज भरण्यात जुन्या शहराचे अंशदान जात होते. मांडवी-भुलेश्वरच्या खोल्यांत दाटीने राहणाऱ्यांनी अप्रत्यक्षपणे माटुंग्याच्या रुंद रस्त्यांचा भार उचलला, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

तरीही माटुंग्याच्या त्या इमारतींकडे पाहताना आम्हांला एक गोष्ट जाणवते. भुयारी गटार आधीच तयार असल्याने तिथे शौचकूप घरात आले. आपण आज ज्याला ‘सेल्फ-कंटेन्ड’ जागा म्हणतो, तिची सवय मुंबईच्या मध्यमवर्गाला अशा वसाहतींनी लावली. सोवळ्या-ओवळ्याची कडक कल्पना बाळगणाऱ्या घरांनी शौचकूप स्वयंपाकघरापासून वीस पावलांवर येऊ दिले, हे मतपरिवर्तन कोणत्या सुधारकाच्या व्याख्यानाने झाले नाही. ते जमिनीखालच्या नळांनी झाले, आणि ते नळ कर्जाऊ पैशाचे होते.

याहून महत्त्वाची कल्पना १९१५ साली आली. ‘बॉम्बे टाउन प्लॅनिंग अ‍ॅक्ट’ हा देशातला या प्रकारचा पहिला कायदा. त्याने संपूर्ण जमीन संपादन करण्याचा मार्ग सोडला. शहराच्या कडेच्या वेड्यावाकड्या शेतांच्या पट्ट्या एकत्र मांडायच्या, त्यांतून रस्ते, बागा यांची जागा काढायची आणि प्रत्येक मालकाला थोडा लहान, पण चौरस आणि रस्त्याला लागून असलेला भूखंड परत द्यायचा. मग लवादाने दोन किमती ठरवायच्या : योजनेपूर्वीची आणि नंतरची. त्यांतल्या वाढीपैकी अर्ध्यापर्यंतचा वाटा योजनेच्या खर्चासाठी मालकाने द्यायचा.

या कल्पनेत एक न्याय आहे. शेताच्या बांधावरून उद्या जलवाहिनी जाणार अशी नुसती वार्ता आली तरी त्या शेताची किंमत वाढते. ती वाढ मालकाच्या घामाने झालेली नसते, गावाच्या पैशाने झालेली असते. जुन्या करदात्याला पट्टी वाढवून पैसे मागितले तर तो रास्तपणे कुरकुरतो. नव्या रहिवाशाकडून मागितले तर तो आधीच कर्जात बुडालेला असतो. या दोघांच्या मध्ये एक तिसरा उभा असतो, ज्याला नळाचा सर्वांत मोठा लाभ नळ येण्यापूर्वीच मिळालेला असतो. आयत्या बिळावरचा नागोबा म्हणा. १९१५च्या कायद्याने त्याच्याकडे बोट दाखवले. वांद्रे, सांताक्रूझ, पार्ले या भागांतल्या पत्त्यांत ‘टी.पी.एस.’ ही अक्षरे आजही लिहिली जातात. पोस्टमनला ती पाठ असतात, राहणाऱ्यांना त्यांचा अर्थ क्वचितच ठाऊक असतो. ती या नगररचना योजनांची खूण आहे.

मग हे सारे थांबले कसे? कायद्याने तर थांबवले नाही. १९५४ आणि १९६६च्या कायद्यांनी ही तरतूद पुढे चालवली. ती मंदावली लवादात. एकेका योजनेला दशके लागू लागली. किमती ठरल्या त्या जुन्या तारखेच्या, वसुली झाली ती रुपया घसरल्यानंतर. मालकाचा वाटा हातात येईपर्यंत त्यातून चार नळकांडीही येईनात. गुजरातने १९६० नंतर याच कायद्याचा वारसा घेऊन आपल्या १९७६च्या कायद्यात तो दुरुस्त केला आणि अहमदाबादच्या कडा आजही नगररचना योजनांनी आखल्या जातात. एकाच राज्यातून निघालेली दोन राज्ये, एकाच मूळ कायद्याची दोन रूपे. आपण विकास आराखड्याच्या नकाशात हिरवे-पिवळे रंग भरले आणि आरक्षित जमिनी संपादनासाठी पैसा येईल अशी वाट पाहिली.

त्या वाटेवर पैशाचे नवे मार्ग निघाले. मुंबईने १९७३ साली जागतिक बँकेच्या परिवारातील संस्थेकडून पाणी व मलनिःसारणासाठी ५.५ कोटी डॉलरचे कर्ज घेतले. त्यासोबत आलेली अट कर्जाहून मोलाची ठरली : पाण्याचा जमाखर्च वेगळा ठेवा. महापालिकेच्या स्वतंत्र ‘ग’ अर्थसंकल्पाची परंपरा तिथली. पाण्याचा पैसा पाण्यासाठीच राहिला, म्हणून मुंबईला धरणे बांधत राहता आले. इतर शहरांना हे जमले नाही.

१९९२ साली राज्याच्या नगररचना कायद्यात ‘विकास शुल्क’ दाखल झाले. बांधकामाची परवानगी घेताना जमिनीच्या व बांधकामाच्या क्षेत्रावर ते भरायचे आणि ते सार्वजनिक सोयींवर खर्च व्हावे अशी कायद्याची अपेक्षा. वरवर पाहता १९१५च्या कल्पनेचीच ही सोपी आवृत्ती. बारकाईने पाहिले तर ती नेमकी उलटी आहे. जुन्या योजनेत पैसा जमिनीच्या मालकाकडून, त्याच परिसराच्या कामासाठी घेतला जाई. विकास शुल्क बांधणारा भरतो आणि सदनिकेच्या किमतीत मिळवतो. जमीन विकून मोकळा झालेला मालक त्यातून सुटतो. आणि कात्रजच्या टेकडीखाली भरलेला पैसा कात्रजच्याच नळाला लागावा असे बंधन नाही. पावती आहे, नळ नाही.

पुण्याची गावे तर या व्यवस्थेची प्रयोगशाळाच झाली. १९९७ साली ३८ गावे घेतली, त्यांतली काही पुढे पूर्णतः वा अंशतः वगळली. २०१७ला ११ आणि २०२१ला आणखी २३ आली. क्षेत्रफळाने पुणे राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. बाणेर-बालेवाडीच्या पाण्याचा प्रश्न २०१६ साली उच्च न्यायालयापुढे गेला आणि तिथल्या नव्या बांधकामांना काही काळ खीळ बसली. २०१७ साली पुण्याने चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २,२६४ कोटींच्या नियोजित कर्जरोख्यांपैकी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले. मुंबईच्या शेअर बाजारात घंटा वाजली, छायाचित्रे आली. मग कामाच्या निविदाच रद्द होऊन नव्याने काढाव्या लागल्या. व्याज मात्र घंटेच्या दिवसापासून सुरू होते. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे कराला कंटाळून महापालिकेतून बाहेर पडली. २०२४ साली त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली.

आमचे एक सहकारी, अर्थशास्त्राचे, म्हणतात की तुम्ही मराठीवाले जमीनमालकावर फार रागावता. ज्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या कोरडवाहू कसली, त्याला एकदा चांगली किंमत मिळाली तर तुमचे पोट का दुखते? त्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावत नाही. पहिला विकणारा बहुधा शेतकरीच असतो आणि त्याला मिळते ती किंमत सर्वांत कमी असते. नकाशातला बदल आधी कळलेला दुसरा आणि तिसरा विकणारा वेगळा असतो. १९१५च्या लवादाला हे दोघे वेगळे ओळखता आले असते का, याबद्दल आम्हांलाही शंका आहे. पण आजच्या रीतीत तर दोघांनाही कोणी विचारत नाही; विचारले जाते ते फक्त आम्हांला, टँकरच्या बिलावर सही करताना.

सांडपाण्याची गोष्ट तर आम्ही सोसायटीच्या सभेतही टाळतो. आमच्या आवारातले शुद्धीकरण यंत्र विजेच्या बिलामुळे किती तास चालते आणि उरलेले पाणी रात्री ओढ्यात कसे जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. मागे एका सभासदाने विषय काढला तेव्हा अध्यक्षांनी वर्गणी दुप्पट करण्याचा ठराव मांडू का, असे विचारले. विषय संपला. तो ओढा पुढे मुठेला मिळतो, आणि मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी २०१६ साली जपानकडून कर्ज घेतलेले आहे.

नानांचा नळ ज्या आंबेगावातून सदाशिव पेठेच्या हौदाकडे गेला, ते गाव २०१७च्या ११ गावांत होते. रास्त्यांना पाणी देणाऱ्या कोंढव्याच्या रस्त्यावर सकाळी टँकरांची रांग असते. आमचा टँकरही त्याच बाजूने येतो. परवा चालकाला विचारले, पाणी कुठून भरता? तो म्हणाला, “विहीर आहे सर एका शेतकऱ्याची. आधी तिच्यावर ऊस होता.”